कालव्यात उतरलेलं तेल

बदकं त्या दिवशी दुपारीच परतली. एकामागून एक कालव्याच्या पायऱ्या चढू लागली, तेव्हा धाकटी जाऊ कपडे वाळत घालता घालता हसली.

"ताई, तुमच्या लेकींनी आज अंगभर काजळ फासलंय बघा."

थोरली हसली नाही. बदकं पोटापासून मानेपर्यंत काळी झाली होती. एक तर पायरीवरच बसलं. पंख उघडायला जाई आणि ते अंगालाच चिकटत. तिने त्याला उचललं. हाताला बुळबुळीत थर लागला आणि रॉकेलसारखा उग्र वास थेट डोक्यात गेला. खाली पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. त्याच्या मागून जाड काळा पट्टा सावकाश येत होता.

"हा गिरणीकडून येतोय," ती म्हणाली. "तू यांना धू. मी बघून येते."

कापडगिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. आता ती पाडायचं काम चाललं होतं. मागच्या भिंतीतल्या मोरीतून तेल धारेने कालव्यात पडत होतं, आणि दोन मजूर त्यावर माती लोटत होते. माती तेलाबरोबरच वाहून जात होती. मुकादम कपाळाला हात लावून उभा होता.

"जमिनीखाली बॉयलरच्या तेलाची टाकी होती, बाई. आम्हाला काय माहीत? खोदायच्या मशीनचा दात लागला आणि फुटली."

"कुणाला कळवलंत का?"

"साहेबांना फोन लावतोय. उचलत नाहीत." मग मजुरांकडे वळून तो ओरडला, "विडी विझव आधी. सगळ्यांना घेऊन जाशील."

त्या वाक्यासरशी तिने वळणाकडे पाहिलं. खालच्या अंगाला, वळणापलीकडे पादचारी पूल होता, आणि तिचा नवरा सकाळपासून त्या पुलाखाली फळी टांगून वेल्डिंग करत होता.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. कामावर असताना तो फोन पिशवीत टाकून पिशवी कठड्याला अडकवत असे. "जनरेटरच्या आवाजात मला माझा आवाज ऐकू येत नाही, तुझा कुठून येणार," असं म्हणायचा. तिने जावेला फोन केला. "अग्निशमनवाल्यांना बोलव. पुलापाशी यायला सांग." आणि ती कालव्याच्या काठाने धावत सुटली.

चप्पल कुठे निसटली ते तिला कळलंही नाही. शेजारून तेल तिच्याबरोबर चाललं होतं. आपण त्याच्या पुढे निघू असं तिला वाटत होतं, पण वळणावर आली तर तेल आधीच पुढे गेलेलं.  'पेटलं नाही अजून, पेटलं नाही,' एवढंच ती मनात म्हणत होती.

पुलाच्या फळ्या काढून टाकलेल्या होत्या. दोन काठांमध्ये नुसते दोन लोखंडी बीम उरले होते. मधल्या खांबाजवळ, बीमखाली, तोंडावर मुखवटा चढवून तो बसला होता. त्याच्या हातातून ठिणग्यांचा पाऊस पडत होता. पाण्यात पडलेली ठिणगी विझत होती. पण खांबाला वाळलेल्या पाणगवताचा आणि कचऱ्याचा ढीग अडकला होता, आणि तो तेलाने निथळत होता.

"अहो! अहो, थांबा!"

त्याला काही ऐकू गेलं नाही. जनरेटर पलीकडच्या काठावर धडधडत होता. मदतनीस वेल्डिंगच्या कांड्या आणायला गेला असावा. तिथे चिटपाखरू नव्हतं. दगड मारावा, तर दचकून तो तेलातच पडायचा.

ती बीमवर बसली. दोन्ही बाजूंना पाय सोडून, हातांवर जोर देत पुढे सरकू लागली. तिला पोहता येत नव्हतं. खाली बघायचं नाही असं ठरवलं तरी नजर खालीच जात होती. मध्यावर, त्याच्या अगदी डोक्यावर आली, तेव्हा बीम हलला. त्याने हात वर करून हलवला. मदतनीस आला असं त्याला वाटलं असणार. ठिणग्या थांबल्या नाहीत. तिला बीमवरचा हात उचलवेना. क्षणभर तिला वाटलं, आपण इथेच बसून राहू आणि आपल्या डोळ्यांदेखत हे सगळं होईल. मग ती डोळे गच्च मिटून पुढे सरकली.

पलीकडे उतरताच तिने जनरेटरचं लाल बटण दाबलं.

एकदम शांतता झाली. "कोण आहे रे? काम चालू असताना बंद काय करतोस?" पुलाखालून आवाज आला.

"मी आहे. अहो, खाली बघा. तेल आहे. काही पेटवू नका, आधी वर या."

मुखवटा वर झाला. ढिगातून धुराची बारीक रेघ निघत होती.  तो कमरेच्या पट्ट्याचा आकडा सोडवायला लागला, पण जाड हातमोज्यांत बोटं चालेनात. त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला. आकडा सुटला तेव्हा खालून भक्कन जाळ उठला. तो दोराला धरून बीमवर आला, आणि त्यावरून वाकून, जवळजवळ रांगतच काठावर पोहोचला. तिने कॉलर धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या पॅंटची कड जळत होती. तिने ती पदराने दाबून विझवली. मागे टांगलेली फळी पेटून पाण्यात कोसळली.

अग्निशमनची गाडी आली, फेस मारला, आग खांबापुरतीच राहिली. मग त्यांनी कालव्यावर आडवे तरंगते पट्टे टाकले आणि ते काठावरच्या घरांना पाण्याला हात लावू नका असं सांगत फिरले. मुकादमाला ते चौकशीसाठी आपल्याबरोबर घेऊन गेले.

दोघं काठावर बसून होती. त्याच्या पोटरीवर भाजल्याचा लाल चट्टा होता, त्याकडे बघत तो म्हणाला, "चला, आज कांडीशिवायच वेल्डिंग झालं."  त्याचं लक्ष तिच्या अनवाणी, काळ्या पावलांकडे गेलं.

"तू या काठावर आलीस कशी? रस्त्याने फार लांब पडतं."

तिने हनुवटीने बीमकडे दाखवलं.

त्याने बीमकडे पाहिलं. खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. 

"तुला पोहता येत नाही," तो म्हणाला, आणि त्याचे हात थरथरू लागले. तिने ते आपल्या हातात घेतले, तरी थांबेनात.