केळीला जाळी, मला पत्रा

मित्रांनो, मी चोपडा रस्त्यावरच्या एका मळ्यातली जुनी म्हैस. माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. हळहळणारे मी पुष्कळ पाहिले. पाण्याची बादली आणायला त्यातला एकही उठत नाही.

माझे मालक उखर्डू नाना. त्यांची केळीची बाग. त्या केळीचं काय ते कौतुक! गरम वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी हिरवी जाळी, मुळाशी थेंब थेंब पाणी, घडाघडाला पिशवी. आणि मी? मे महिन्यात पत्र्याखाली. कातडं काळं, डोक्यावर पत्रा तापलेला, आणि नाना विचारतात, ही एवढी धापा का टाकते! माणसं स्वतःला हुशार कशाच्या जोरावर म्हणवतात, देव जाणे.

दोन वेतं मी बिनबोभाट दिली. तेव्हा मी लक्ष्मी होते. मग दोन उन्हाळ्यांत मला तीनदा रेड्याचं बी देऊन भरवलं आणि तिन्ही वेळा मी उलटले, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आले. झालं! लगेच मी वांझ. नानांची बायको ताईबाई वैरण टाकतानाही तोंड वाकडं करायची.

तसंच तोंड ती सुनेकडे बघूनही करायची. सून मेघा, जळगावच्या मेहरूणची. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. "आपण दोघं तपासून घेऊ," असं ती नवऱ्याला म्हणायची. तो मोबाइल बघत बसायचा. मोठा शहाणा!

एका दुपारी नाना म्हणाले, "मंगळवारना बजारमा हिले इकी टाकसू."

वांझ म्हैस कोण विकत घेतं आणि कशासाठी, हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी वैरणीला तोंड लावलं नाही, खोटं कशाला सांगू.

मेघाने सोमवारी जनावरांच्या डॉक्टर हेमांगींना बोलावलं. त्यांनी मला तपासलं, मग वर पत्र्याकडे पाहिलं.

"नाना, ही वांझ नाही. गर्भ राहत असणार, पण टिकत नाही. पहिले तीनेक आठवडे तो कुठे चिकटलेला नसतो. गर्भपिशवीच्या अस्तरातून एक पाझर सुटतो, त्यात प्रथिनं असतात. त्यावरच तो जगतो. अंग असं भट्टीसारखं तापलं, की तो पाझर बिघडतो. मग गर्भ चिकटणार कसा?"

"इतल्या गरमीमा आम्हीबी राहतस ना!"

"तुम्ही निंबाखाली बसता, नाना."

नानांनी पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मंगळवार टळला.

मेघाने बागेतली उरलेली जाळी पत्र्याखाली ताणली. दुपारी पाठीवर ओली पोती टाकली. पुढच्या माजाला मला पुन्हा भरवलं. एकवीस दिवस झाले, मी उलटले नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि म्हणाल्या, "गाभण आहे."

मग काय विचारता! ताईबाई हळद-कुंकू घेऊन धावली. मी पुन्हा लक्ष्मी! गूळ मी खाल्ला, गुळाशी माझं भांडण नाही. पण माझ्या कपाळावर कुंकू टेकवता टेकवता ती सुनेकडे वळली.

"म्हैसनी कूस उजवनी. तुनी कधी उजवी?"

मेघाने बादली खाली ठेवली.

"आई, म्हशीला आधी डॉक्टर आणला, मग सावली केली. रेड्याचं बीसुद्धा तपासूनच आलं होतं. उद्या आम्ही दोघं जळगावच्या दवाखान्यात जातोय. दोघं."

तिचा नवरा दारातच होता. त्याने मोबाइल खिशात घातला आणि हळूच म्हणाला, "जातोय." चार वर्षांनी! मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

मित्रांनो, मुक्या जनावरांची काळजी घ्या, असं मी आता म्हणावं, ही तुमची अपेक्षा. नाही म्हणणार. मी मुकी नाही. मी दोन उन्हाळे धापा टाकून सांगत होते, मेघा चार वर्षं तोंडाने सांगत होती. दवाखान्यात जाल, तेव्हा आधी कान तपासून घ्या.