अरे-तुरे

बंगल्यांतली पोरं आणि मागच्या खोल्यांतली पोरं यांच्यात व्हॉलीबॉलच्या मैदानावरून कायमची जुंपलेली. अखेर सामन्यावर ठरवायचं झालं. जिंकेल त्याला संध्याकाळ, हरेल त्याला दुपारचं ऊन.

खोल्यांची कॅप्टन काडी. अंगानं नावाला शोभेल अशी, पण तोंडानं फटकळ. फक्त बंगल्यांच्या कॅप्टनपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तिची आई त्याच्या घरी स्वयंपाकाला होती. दोघं एकाच वयाची, तरी आईनं लहानपणापासून बजावलेलं, त्याला अरे-तुरे करायचं नाही. म्हणून काडी त्याच्याशी थेट बोलतच नसे. "सांग त्याला, बॉल टाक म्हणावं," असं तिसऱ्याकरवी भागवायची.

शेवटच्या पॉइंटला त्याचा फटका रेषेबाहेर पडला. धूळसुद्धा बाहेरच उडाली. तो म्हणाला, "आत." वाद घालायचा तर कॅप्टननंच, असा दोन्हीकडच्यांनी मिळून केलेला नियम. खोल्यांची पोरं काडीकडे बघायला लागली.

ती तरातरा जाळीपाशी गेली आणि म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग बंगल्यांची पोरं पोट धरून हसली. तिच्या मागच्यांनी माना खाली घातल्या. काडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हसला नाही. उरलेलं अन्न देऊन टाकावं तसं म्हणाला, "जाऊ दे रे, देऊन टाका तिला पॉइंट."

म्हणजे खोल्या जिंकल्या. एकदोघं नाचायलाही लागले. पॉइंट हक्काचाच होता, पण आता तो दान म्हणून पदरात पडला होता आणि काडीला तो गिळवेना.

"नको. पुन्हा खेळू," ती म्हणाली. "तू टाक सर्व्हिस."

त्यानं टाकली, आणि तिथून खेळ फिरला. खोल्या हरल्या. परतताना पोरं तिला मागे टाकून पुढे निघून गेली.

आई कामावरून आली ती खुशीतच. "खेळतानासुद्धा तुम्ही म्हणालीस म्हणे. बाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, पोरीला वळण चांगलं लावलंय."

"नंतर मी त्याला तू म्हणाले."

पिशवी रिकामी करणारे आईचे हात थांबले. "कुणी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

आईनं उरलेलं सामान भराभर काढून ठेवलं. मग पिशवीची घडी घालत म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. त्यांची माफी माग."