काचेपलीकडचं बोलणं

घरांच्या एजंटचा फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीच्या, नेलच्या छातीला कान लावून बसले होते. आमच्या भाड्याच्या खोलीतल्या ओलीनं पोर हिवाळाभर घरघरत होती.

"मिसेस हॉवर्थनी त्यांच्या घरासाठी तुमची किंमत मान्य केलीय, पण भाड्यानं द्यायला घरं घेणाऱ्या मँचेस्टरच्या एकानं जास्त देऊ केलेत. तुम्ही वाढवाल?"

सह्या होईपर्यंत आमच्याकडे इंग्लंडात तोंडी होकाराला काही अर्थ नसतो. "वाढवू की," मी बोलून गेले. वाढवायला जवळ काही नव्हतं.

शनिवारी आम्ही बर्नलीतलं ते घर पुन्हा बघायला गेलो. एकाला एक चिकटलेली दगडी घरं, टोकाला बंद पडलेली कापडगिरणी. विनी हॉवर्थनं त्या गिरणीत बत्तीस वर्षं माग चालवले होते. आता ती लेकीकडे राहायला निघाली होती. मी कपाटामागे हात घालून भिंत चाचपली. कोरडी होती. दुसऱ्यांदा चाचपली. कोरडीच.

विनी चहा करत होती. मी नवऱ्याला, कॅलमला मागच्या अंगणात ओढलं, दार लावलं आणि कुजबुजले, "मी एजंटला खोटं सांगितलंय. पण मला हेच घर हवंय रे. भिंतींवरच्या त्या भयाण वॉलपेपरमध्ये नेलला भुतं दिसली तरी चालेल."

आत आलो तर विनी कपात साखर ढवळत होती. "वॉलपेपर माझ्या नवऱ्यानं निवडला, पोरी. भुतं त्यालाही दिसायची."

मी गारच पडले. "तुम्हाला ऐकू गेलं?"

"दिसलं, या खिडकीच्या काचेतून. मागांच्या खडखडाटात ऐकू काय येणार? आम्ही सगळ्या जणी ओठ वाचूनच बोलायचो." तिनं गल्लीपलीकडच्या खिडकीकडे बोट केलं. तिथे एक म्हातारी आमच्याकडे बघून हसत होती. "ती डोरीन, आमच्या गिरणीतलीच. तिनंही वाचलं असणार."

कॅलमनं कप खाली ठेवला. "निघतो आम्ही, मिसेस हॉवर्थ. माफ करा."

"बस रे. त्या मँचेस्टरवाल्यानं या ओळीतली चार घरं घेतलीत, एकाचाही उंबरा ओलांडलेला नाही. डोरीनला आता काहीच ऐकू येत नाही. या खिडकीत रोज कुणीतरी बोलणारं हवं. मी शब्द दिलाय तो तुम्हाला." तिनं आमच्यासमोरच एजंटला फोन लावला. "दारावरची 'घर विकणे आहे'ची पाटी उतरवा. आजच."

मला रडू फुटेल असं वाटलं. मी खिडकीशी गेले, नेलला उचलून दाखवलं आणि तोंड भलंमोठं उघडून तिचं नाव सांगितलं. डोरीनचे ओठ भराभर हलले.

"काय म्हणाल्या?"

विनीला हसू आवरेना. "म्हणते, एवढं तोंड वेंगाडू नकोस. मी बहिरी आहे, खुळी नाही."