चतकोर फिरलेली खुर्ची

हॉटेलात गेल्यावर लोक मेन्यूकार्ड बघतात, आमचे हे शेजारचं टेबल बघतात. तिथे कोण बसलंय, काय मागवलंय, चेहऱ्यावरून ते पसंत पडलंय की नाही. मग आमचं जेवण येतं, हे दोन घास खातात आणि खुर्ची चतकोर फिरवतात. खुर्ची फिरली की मी मान खाली घालून मेन्यूकार्ड वाचायला घेते. आतापर्यंत इतकी मेन्यूकार्डं पाठ झाली आहेत की कुठेही वेटरची नोकरी सहज मिळेल.

जेवण आवडलं असेल तर शेजारच्यांना काय मागवायचं ते सांगतात. सूप घेऊ नका, उगाच पोट भरतं. पिझ्झा सांगा, पण पातळ सांगा. आणि आवडलं नसेल, तर तिथेच बसून दुसऱ्या हॉटेलचा पत्ता देतात, कागदी रुमालावर नकाशा काढून. एकदा तर एका नव्या जोडप्याला भरल्या ताटावरून उठवून चौकापलीकडे पाठवलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मालकाने आम्हाला हात धुवायच्या बेसिनशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसवलं. हे म्हणाले, "बरं झालं, इथे येणारा प्रत्येक जण भेटेल."

यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं की यांना बोलावतात. आतल्या माणसाला धीर द्यायला हवा म्हणून हे बंद दारातून विचारतात, "जेवलात का?" आणि सुरू. सुटका झालेला एक माणूस घरी न जाता तडक पिझ्झा खायला गेला होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, आणि तेही फार गोड शब्दांत नाही. मी वाचनालयात नोकरी करते. बोलणाऱ्यांना गप्प करायचं, याचा मला पगार मिळतो. घरात तेच काम तीस वर्षं फुकट करतेय आणि एक माणूस गप्प करता आलेला नाही.

एक मात्र खरं, यांनी खोटी शिफारस कधी केली नाही. माझ्या सख्ख्या भावाने कॅन्टीन चालवायला घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या समोर खुर्ची फिरवून लोकांना दुसरीकडे पाठवलं. भाऊ अजून यांच्याशी "काय, बरंय ना?" एवढंच बोलतो.

म्हणूनच बारकीने पिझ्झाचं दुकान काढलं तेव्हा माझी नजर आधी यांच्या खुर्चीकडे गेली. बारकी म्हणजे आमची धाकटी लेक. आता आम्हा दोघांपेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मोजणी खात्यात नकाशे काढायची चांगली नोकरी होती. ती सोडून तिने बसथांब्याला लागून एक गाळा घेतला, सहा टेबलं मांडली आणि बंद पडलेल्या बेकरीतला जुना ओव्हन आणून बसवला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी यांना स्वयंपाकघरात उभं करून बजावलं, "तिथे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खुर्ची फिरवलीत, तर मी आहे आणि तुम्ही आहात."

"आणि चांगलं असलं तर?"

"चांगलं असलं तरी नाही. तुमचा भरवसा नाही."

बारकीचा पिझ्झा दिसायला नकाशासारखाच होता. गोल म्हणजे गोल, आठ तुकडे कोनमापक लावून कापल्यासारखे सारखे. पण तुकडा उचलला की टोक मान टाकायचं आणि वरचं सगळं घसरून ताटलीत. मध्ये पीठ ओलं, सॉस कच्चा. मी म्हटलं, "छान झालाय गं!" माझ्या मागोमाग हेही म्हणाले, "फर्स्टक्लास." आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चार महिने दर रविवारी आम्ही गेलो. चार महिने मी छान म्हणत राहिले, हे फर्स्टक्लास म्हणत राहिले आणि हात मांडीखालून निघाले नाहीत. बारकी आतून बघायची. मला वाटायचं गिऱ्हाईक बघतेय. ती यांची खुर्ची बघत होती, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणापासून बापाला पाहिलेलं तिने. आवडलं की खुर्ची फिरते, नाही आवडलं तरी फिरते. आपल्या दुकानात ती हलतच नाही, याचा अर्थ तिला लागत नव्हता.

गिऱ्हाईक एकदा यायचं, परत यायचं नाही. मग एका शनिवारी तिने जेवताना सांगितलं, "ऑफिसातून सरांचा फोन होता. माझी जागा अजून भरली नाहीये. शुक्रवारी चारपर्यंत कळवायचंय." एवढं बोलून ती भात कालवत बसली, खाल्ला नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे काही बोलले नाहीत, आणि यांचं न बोलणं मला पहिल्यांदाच नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी एक वाजता दुकानात आम्ही दोघं आणि शेजारच्या टेबलावर तिघं: रविवारीही टाय लावणारे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांची आई. टायवाल्यांनी तुकडा उचलला. टोकाने मान टाकली आणि चीजचा एक लांब ओघळ थेट टायवर उतरला. बायकोने रुमाल काढला. गृहस्थ टाय पुसत हळूच म्हणाले, "या भागात चांगला पिझ्झा मिळतो तरी कुठे?"

तीस वर्षांत यांना हा प्रश्न कोणी आपणहून विचारला नव्हता. हे नेहमी न विचारताच उत्तर देत आले. मी यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. यांचे हात मांडीखाली होते. मान ताठ. कपाळावर घाम. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात खुर्चीचा पाय फरशीवर कर्रकन वाजला.

"कालव्यापलीकडे जा," हे म्हणाले. "मिशीवाल्याचं दुकान. मंगळवारी जाऊ नका, मंगळवारी त्याचा मेहुणा असतो, तो जाळतो सगळं. ओव्हनजवळचं टेबल धरा."

"अहो!" मी मेन्यूकार्डाआडून म्हटलं.

पण चार महिन्यांचं तुंबलेलं, ते थांबतंय कसलं! "इथलं पीठ चांगलं आहे हो, पोरीचा हात चांगला आहे. पण ओव्हनचं दार खालून बोटभर उघडं राहतं. पहिल्या दिवशी दार लावलं तेव्हाच आवाजावरून कळलं मला. दाराचाच धंदा आहे माझा. सगळी धग बाहेर जाते. तापमानाच्या काट्यावर आकडा बरोबर दिसतो आणि आत पिझ्झा नुसता कोमट होतो. त्यात सॉस शिजवत नाही ती पुरेसा."

टायवाल्यांची आई यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. मीही बघितलं. बारकी पाण्याचा जग घेऊन उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बाबा," ती म्हणाली, "पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

यांनी खुर्ची हळूच जागेवर आणली. "हो."

"आणि फर्स्टक्लास म्हणत होतात?"

यांनी माझ्याकडे बघितलं. दोष द्यायला नाही, पण बघितलं. मग मलाच बोलावं लागलं. "मी सांगितलं होतं त्यांना, गप्प बसा म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून गं. मामाचं काय झालं ते आठवतंय ना?"

बारकीने जग टेबलावर ठेवला. "आई, मला रोज वाटायचं मध्ये ओलं राहतंय. पण तुम्ही दोघं छान म्हणायचात, मावशी छान म्हणायची, शेजारचे छान म्हणायचे. मला वाटलं माझ्याच जिभेचं काहीतरी बिघडलंय. चार महिने मी सगळं बदलून पाहिलं. पीठ बदललं, चीज बदललं." तिने ओव्हनकडे बघितलं. "दार नाही बदललं."

मला इतकी लाज वाटली की मेन्यूकार्डसुद्धा धरवेना. लेकीला वाईट वाटू नये म्हणून मी तिला चार महिने एकटं पाडलं होतं.

टायवाल्यांची आई म्हणाली, "अहो, बसलात काय? दाराचा धंदा आहे ना तुमचा? उठा की."

हे उठले. स्कूटरच्या डिकीत हत्यारांची पिशवी असतेच. ओव्हन बंद केला, थंड होऊ दिला, दार उतरवून टेबलावर आडवं घातलं. एक बिजागरी वाकलेली निघाली. हे पाना मागायचे, बारकी पाना द्यायची. टायवाल्यांनी टाय खांद्यावर टाकून टॉर्च धरला. आजी खुर्चीत बसून, या विषयातलं काही माहीत नसताना, प्रत्येक स्क्रूबद्दल सूचना देत होत्या. दोन तासांनी दार बसलं. लावल्यावर "धप्" असा भरीव आवाज आला आणि यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

पहिला पिझ्झा कोळसा झाला. आजी म्हणाल्या, "आज मंगळवार आहे का?" बारकी हसली. किती दिवसांनी!

सोमवारपासून हे रोज कामावरून सुटले की दुकानात जायला लागले. माझ्याकडून आता कसलीच बंदी नव्हती. एक तुकडा खायचे आणि सांगायचे. सोमवारी, "कडा करपली." मंगळवारी, "सॉस अजून कच्चा." बुधवारी, "सॉस ठीक, मीठ जास्त." बारकी वहीत लिहून घ्यायची, पुन्हा आत जायची. मी म्हटलं, "पोरीला एकदा तरी बरं म्हणा हो." तर आतून तीच ओरडली, "आई, तू मध्ये पडू नकोस!" मी कानाला खडा लावला. पण गुरुवारीही खुर्ची हलली नाही. "जवळ आलीस," एवढंच म्हणाले. रात्री बारकीने मोजणी खात्यात घालायचे दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले. मी ते पाहिलं. देव्हाऱ्यापुढे त्या रात्री जरा जास्त वेळ उभी राहिले.

शुक्रवारी आम्ही दोघांनी अर्धी रजा टाकली. सव्वातीन वाजले होते. दुकानात आम्ही तिघंच. बारकीने पिझ्झा आणून ठेवला आणि या वेळी आत गेली नाही, हात ओढणीत गुंडाळून समोरच उभी राहिली. फोन टेबलावर. यांनी तुकडा उचलला. टोक सरळ राहिलं. यांनी तो जरा हलवला, तरी सरळ. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मी यांचा चेहरा बघत होते आणि बारकी खुर्चीचे पाय.

खुर्ची फिरली. चांगली चतकोर, कर्रकन आवाज करून.

फिरली आणि यांची पंचाईत झाली. शेजारचं टेबल रिकामं होतं. त्याच्या पलीकडचंही रिकामं. सांगायचं कोणाला? हे दोन क्षण त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले, मग उठले, एका हातात ताटली आणि एका हातात खुर्ची घेतली आणि दाराबाहेर पडले. बसथांब्यावर सात-आठ माणसं उभी होती. यांनी त्यांच्यासमोर खुर्ची मांडली, बसले, आणि आतपर्यंत ऐकू आलं, "जेवलात का?"

बारकी रडत होती आणि हसत होती. तिने मला मिठी मारली. मग माझ्यापुढे तुकडा धरला. "आई, खरं सांग हं."

मी खाल्ला. सवयीने "छान" ओठांवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "कडा जरा चिवट आहे. बाकी मी आणखी एक घेणार."

"चिवट आहे," ती म्हणाली, जणू मी तिला दागिना दिला.

तेवढ्यात फोन वाजला. सरच होते. बारकीने डोळे पुसले आणि फोन घेतला. "सर, नाही जमणार मला यायला. हो, नक्की. कारण म्हणजे… सर, आमच्या बाबांनी खुर्ची फिरवली."

 मग सरांचा आवाज एकदम हळवा झाला. "अरेरे. कधी झालं हे? काळजी घ्या हो त्यांची."

"घेतो, सर," बारकी म्हणाली आणि घाईने फोन ठेवला, कारण दारातून बसथांब्यावरची पाच माणसं आत येत होती. त्यांच्यामागे हे, रिकामी ताटली आणि खुर्ची घेऊन, सांगत होते, "ओव्हनजवळचं टेबल धरा." त्या टेबलाशी मीच बसले होते; उठले आणि माझी खुर्ची त्या माणसांना दिली.