भंडाऱ्याचा खरा पिवळा

"दीपमाले, अगं ह्या समद्यांला कावीळ झालीया का?"

बायजाआक्कानं माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून हे विचारलं, आणि तेही चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

माणमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे, अठरा वर्षं झाली. पासपोर्टपासून बारशापर्यंत सगळं काढलंय. माझ्या रंगाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं सटकतं. तेव्हाही सटकलं.

"कावीळ तुमच्या डोळ्याला झाली असंल, आक्का!"

पण मोठा फोटो तिच्या हातात होता, बाहेरच्या उजेडात, आणि खोटं कशाला बोलू, देवापासून मेंढरापर्यंत सगळे हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. मेले मी, म्हटलं. आता काय करू?

तर प्रकरण असं. आक्का आणि तिचा नवरा बिरदेवदाजी शेजारच्या जांबे गावचे. पस्तीस-चाळीस मेंढरं. चरायला रान राहिलं नाही, जिकडं बघाल तिकडं इमारतींचे टॉवर. म्हणून रविवारी सगळा कळप आक्काच्या भावाकडं फलटणला जायचा होता. त्याआधी बिरोबापुढं भंडारा उधळला, माणसं-मेंढरं सगळी पिवळी झाली, आणि तो फोटो मी काढला. परत काढायची सोय नव्हती, कारण दुसऱ्याच दिवशी मेंढरांची लोकर कातरली. कातरलेलं मेंढरू म्हणजे ओळख गेलेलं मेंढरू.

"मेंढरांचं वाडगं रिकामं झाल्यावर मला ती दिसली पायजेत," आक्का म्हणाली होती. "एकूण एक वळखू आली पायजे."

दाजींचं मत वेगळं. "फोटुबिटू कशाला? डोळं हायेत की." आक्कानं ओढून आणलं म्हणून ते पटका कपाळावर घेऊन कडेला उभे राहिले, बळंच आणलेल्या पाहुण्यासारखे.

चूक माझीच होती. दिवाळीत मी दुकानात पिवळसर दिवे लावले. त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा उजळ दिसतो आणि स्वारी खूश होते. त्याच दिव्याखाली मी फोटोचा नमुना बघितला, तर भंडारा पिठासारखा फिका. वाढवला पिवळा. तरी फिका. आणखी वाढवला. पिवळ्या दिव्यात पिवळं दिसत नाही, एवढी साधी गोष्ट अठरा वर्षं फोटो काढणाऱ्या बाईला कळू नये! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"ह्यात चांदी कुठंय?" आक्का फोटोवर बोट फिरवत म्हणाली. चांदी म्हणजे कळपातली एकुलती एक पांढरी मेंढी. फोटोत तीही शेजारच्या भुरी मेंढीसारखीच पिवळी झाली होती. आक्काचा आवाज कापला, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

"रडू नका. बसा हितं. आज चांदी सापडल्याबिगर मी जेवत न्हाई."

मेंढरांच्या कोपऱ्याचे सात बारके तुकडे छापले, प्रत्येकात पिवळा कमी-जास्त. ट्यूबखाली धरले तर भंडारा हिरवट. भर उन्हात नेले तर कागद नुसता चमकायला लागला. शेजारच्या दुकानाच्या भिंतीपाशी गेलो, तर ती गुलाबी भिंत सगळ्या मेंढरांना लाली लावून मोकळी. मी त्या भिंतीलाही शिव्या घातल्या.

शेवटी आक्काच म्हणाली, "आमी मेंढरू पारखायचं झालं तर उनात बघत न्हाई, आन् दिव्यातबी न्हाई. सावलीत घेतो. वर मोकळं आभाळ पायजे."

आता हे मला आधी सांगायला काय झालं होतं? दुकानामागं नुसत्या सिमेंटची भिंत आहे, तिच्या सावलीत तुकडे मांडले. तरी मेंढरं हिरवटच! बघते तर आक्का वाकून उभी आणि तिच्या हिरव्यागार लुगड्याची झाक कागदावर पडलेली.

"सरका मागं! तुमी चांदीला चारा घालताय!"

आक्का हसत हसत मागं सरली. तिथून तिनं चौथ्या तुकड्याकडं बोट केलं. "ही बग चांदी. आन् ही भुरी. आन् भंडारा कसा, आत्ता उधळल्यावानी." मीही बघितलं. बाई चुकली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी त्या रंगाचा मोठा फोटो छापून जांब्याला नेला. आतल्या खोलीत खिळ्याला लावला, दिवा लावला, आणि पुन्हा भंडाऱ्याचं पीठ झालं. त्यांच्या खोलीतही पिवळाच बल्ब! आक्काचं तोंड एवढंसं झालं. मी बल्बाला काहीतरी सणसणीत बोलणार, तेवढ्यात दाजी उठले. फोटो खिळ्यावरून काढला, हातोडी घेतली, आणि बाहेर पडवीत पत्र्याखाली नवीन खिळा ठोकला.

"हितं सकाळी उजेड चांगला असतो. ती चा घ्यायला हितंच बसती," एवढंच बोलले. अंधार पडला होता, त्यामुळं रंग कसा दिसतो ते कुणालाच कळलं नाही. मला रात्रभर झोप नाही.

रविवारी सकाळी पोचले तेव्हा ट्रक नुकताच गेला होता. आक्का फोटोसमोर उभी. पडवीत मऊ, पांढरा उजेड होता. ती एकेकीचं नाव घेत होती. चांदी, भुरी, शिंगी. सगळ्या सापडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग तिचं बोट कडेला गेलं आणि थांबलं. पटक्याखालचा दाजींचा चेहरा माझ्या दुकानात नुसता काळा डाग होता. इथं डोळेसुद्धा स्पष्ट दिसत होते. सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघत होती, दाजी सोडून. दाजी आक्काकडं बघत होते, असे, की मलाच लाजल्यासारखं झालं.

"आवं, कुणाकडं बघताय ह्यात?"

"मेंढराकडं," दाजी वाडग्यातला झाडू उचलत म्हणाले.

"माज्या बाजूला मेंढरू न्हवतं."

दाजी झाडायला लागले. मी खो खो हसत सुटले. आक्कानं डोळ्याला पदर लावला आणि पदरामागं तीही हसत होती.

"चाळीस वर्सं झाली, दीपमाले. तोंडानं कदी बोलला न्हाई ह्यो बाबा."

"आता दिसलं न्हवं?" दाजी तिकडं तोंड करून म्हणाले. "मग चा टाक की."