बाबांच्या वळणाचा फॉन्ट
बाबा पाट्या रंगवत. त्यांचा एकच नेम होता, गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं नाही. शेजारचा पाथरवट जन्मभर मागे लागला, थडग्याच्या दगडांसाठी अक्षरं आखून द्या म्हणून; बाबांनी हसून टाळलं.

ते गेल्यावर लेकीनं जुन्या पाट्यांवरून त्यांच्या वळणाचा फॉन्ट केला. ठसठशीत अक्षरं, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला, ब्रश उचलताना फुटावा तसा छोटासा पाय. छपाईवाले त्याला सेरिफ म्हणतात. बारीक मजकुरात ती अक्षरं गुदमरत. पण बेकरीच्या पाटीवर, मधाच्या बाटलीवर अशी बसत की वाटावं, रंग अजून ओला आहे.

पाथरवटानंही हौसेनं फॉन्ट घेतला, आणि लगेच कागद घेऊन दारात हजर.

"ताई, तुमचे बाबा अजून माझ्यावर रुसलेत बघा."

दगडांवर कोरायची नावं त्यानं छापून आणली होती. ब्रशमधला रंग संपावा तशी सुकी, फाटकी. असं एकही अक्षर तिनं काढलं नव्हतं. तिनं पाथरवटाचं स्वतःचं नाव छापून पाहिलं, ते ठसठशीत आलं. त्याच्या आजोबांचं छापलं. सुकं.

"म्हणजे मी आहे अजून," पाथरवट म्हणाला. हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. कागद तिथेच टाकून तो निघाला.

आतल्या दारात आई उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"दादाचं नाव छाप," ती म्हणाली.

दादा बोटीवर कामाला होता. बोट बुडाली, काही माणसं सापडली, तो सापडला नाही. आई अजून त्याचे शर्ट इस्त्री करून ठेवी.

"शाई संपलीय, आई. उद्या बघू."

दुपारी आईचा डोळा लागला, तशी लेकीनं दार लोटलं आणि नाव छापलं. कागद सावकाश बाहेर आला. अक्षरं सुकी होती. शेवटची रेघ तर मधेच विरली होती, पायापर्यंत पोचलीच नव्हती.

मग तिनं बाबांचा ब्रश धुतला, टर्पेंटाइन घालून काळा रंग कालवला, आणि त्यांच्या वळणानं दादाचं नाव स्वतः लिहिलं. प्रत्येक पाय भरघोस. ते स्कॅन करून छापलं आणि आई उठल्यावर तिच्या हातात दिलं.

आईनं कागद उजेडात धरला. मग लेकीचा हात ओढून नाकाशी नेला.

"टर्पेंटाइन," ती म्हणाली. "लपवायचं तरी नीट गं."

लेकीनं मान खाली घातली.

"बाबांच्या फॉन्टात कसं आलं?"

उत्तरासाठी आई थांबली नाही. खुर्चीत टेकली, नावावरून बोट फिरवत राहिली.

"हाच कागद पाथरवटाला दे," अखेर ती म्हणाली. "ते लिहायचे नाहीत हे नाव. तू लिहिलंयस, तेच कोरू दे."