पोहे खाल्ले

"नाश्ता करून आलात ना?" फॉर्म भरणाऱ्याने विचारलं.

"व्हय, पोहे खाल्ले," विशाखाने ठोकून दिलं.

पोहे कसले! काल सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मेसवाला भाचीच्या लग्नाला गेला होता, डबा बंद. एरवीही तिचा डबा एकाच वेळचा. रात्रीच्या चार पोळ्यांतल्या दोन झाकून ठेवायच्या आणि सकाळी पाण्याबरोबर ढकलायच्या, असं दिवाळीपासून चाललं होतं.

आज गारखेड्यातल्या तिच्या अभ्यासिकेचे मालक शिवराज सर यांचा पन्नासावा वाढदिवस होता. दारात सरांचा पुरुषभर उंच फोटो, त्याखाली 'गोरगरीब लेकरांचा आधार', आणि आत रक्तदान शिबिर. म्हणजे वाढदिवस सरांचा आणि रक्त लेकरांचं! रक्त दिलं की दोन केळी, बिस्किटाचा पुडा आणि उकडलेलं अंडं. विशाखा त्या अंड्यासाठीच रांगेत उभी होती. वजन पंचेचाळीस किलोच्या खाली असलं तर परत पाठवतात, म्हणून ती कूलरचं बाटलीभर पाणी पिऊन आली होती. काटा कसाबसा पंचेचाळीसच्या पुढे सरकला.

तिला तलाठी व्हायचं होतं. पण दोन महिन्यांपासून एकच पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. परवा गावाहून, देवगाव रंगारीहून, आईचा, कडूबाईचा फोन आला. "जेवलीस का माय?" तिने एवढंच विचारलं.

"सारखं काय जेवलीस जेवलीस! दुसरं काय सुचत नाय का तुला?" विशाखा खेकसली, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली. आपल्याला वेड लागतंय की काय, अशी धास्ती तिने घेतली होती. तरी उपाशी असल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, हे मात्र ठाम होतं.

पुंडलिक नावाच्या टेक्निशियनने तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. तो वरच तरंगत राहिला. दुसराही तसाच.

"मॅडम, हिचं रक्त लई कमी हाये."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कमाल आहे तुम्हा मुलींची! बारीक दिसायचं म्हणून डाएट करता. खजूर खा, डाळिंब खा, आनंदी राहा."

शिवराज सर हसले. "अभ्यासाचं टेन्शन, मॅडम. आमची मुलं खाण्याकडं बघतसुद्धा नाहीत."

विशाखाचं डोकं सणकलं. अंडं तर गेलंच, वर हे शहाणपण ऐकून घ्यायचं!

"डाएट नाय करत मी. उपाशी हाये, मॅडम!" आवाज असा निघाला की फोटो काढणारासुद्धा थांबला. "दिवसाला एक डबा खाते, तो बी पुरवून पुरवून. डाळिंब कुठून आणू? अन् सर, बघत नाहीत म्हणता? अर्ध्या तासापासून त्या अंड्याकडंच बघून राहिले मी!"

सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"अरे, एक प्लेट द्या तिला," ते शेवटी म्हणाले.

तेवढ्यात तिच्या मागे उभा असलेला अभ्यासिकेतलाच अभय फॉर्म चुरगाळून रांगेतून बाहेर आला. मेसचं जेवण जड पडतं असं सांगत रोज पोट चोळून दाखवणारा तो अभय. त्याच्यामागून एक मुलगी आली. मग आणखी दोघं. सगळे विशाखाशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले.

प्लेट आली. विशाखाने अंडं उचललं, पण घाईघाईत टरफल निघेना. अभयने ते तिच्या हातातून घेतलं, नीट सोललं आणि देता देता अर्धं स्वतःच्याच तोंडात टाकलं. मग भानावर येऊन, खाली मान घालून, त्याने उरलेलं अर्धं तिच्यापुढे धरलं.